सहा किलोमीटरवर फायबर, मधे टेकडी, घरं ७०: गावाने स्वतः नेटवर्क उभारायचं तर सुरुवात कुठून?

शेवटचा_खांब (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. नेमकी परिस्थिती मांडतो म्हणजे उत्तरंही नेमकी मिळतील.

तीन वस्त्या. 'अ' मध्ये ४० घरं, तिथून ९०० मीटरवर 'ब' मध्ये १८ आणि दुसऱ्या दिशेला १.६ किलोमीटरवर 'क' मध्ये १२. मोबाईलचा सिग्नल आहे म्हणायला आहे, पण संध्याकाळी व्हिडिओ कॉल टिकत नाही. जवळचं फायबर ६ किलोमीटरवर मोठ्या गावात. तिथून 'अ' वस्ती थेट दिसत नाही, मधे टेकडी. टेकडीच्या माथ्यावरून मात्र दोन्हीकडे स्वच्छ दिसतं: फायबरवाल्या गावाकडे ३.५ किलोमीटर, 'अ' कडे २.५. माथा दोन्ही टोकांपेक्षा साधारण १८० मीटर उंच आहे. वीज नाही, चढायला पाऊण तास.

कंपन्या येणार नाहीत हे एव्हाना कळलंय. लोक चर खणायला तयार आहेत, वर्गणीही जमेल. प्रश्न असे:

१. वायरलेस की फायबर?
२. प्रत्येक छपरावर मेश राऊटर लावून एकमेकांना जोडत गेलं तर चालेल का? एकाने हाच सल्ला दिलाय.
३. किती एमबीपीएस विकत घ्यायचे?
४. टेकडीवर सौर किती लागेल?
५. दर महिन्याची वर्गणी ठरवायची कशी?

बारा_कोर

तुमच्या यादीत सगळ्यात पहिला प्रश्नच नाहीये: त्या मोठ्या गावात तुम्हाला बँडविड्थ विकणार कोण? ते लेखी हातात येईपर्यंत एकही रेडिओ घेऊ नका.

घरगुती कनेक्शन घेऊन ७० घरांत वाटणं जवळपास प्रत्येक कंपनीच्या करारात निषिद्ध असतं. पहिल्याच मोठ्या बिलाला किंवा तक्रारीला लाईन बंद होते आणि ७० घरं एकदम अंधारात. घाऊक किंवा लीज्ड लाईन (फक्त तुमच्यासाठी राखलेली जोडणी) घ्या, करारात 'पुढे वितरणाची परवानगी' हे शब्द असू देत. शिवाय लोकांना इंटरनेट पुरवायला परवाना किंवा नोंदणी लागते का, ग्राहकांच्या नोंदी किती काळ ठेवायच्या, हे तुमच्या देशाच्या नियमांत बघा. बऱ्याचदा सोपा मार्ग असा असतो की परवाना असलेली छोटी कंपनी कागदावर पुरवठादार राहते आणि गावाची संस्था नेटवर्कची मालक राहते.

किती घ्यायचं, तर 'घरं गुणिले प्लॅनचा वेग' असा हिशोब करायचा नसतो. नियोजनाला संध्याकाळच्या गर्दीतली सरासरी धरतात, प्रत्येक चालू घरामागे २ ते ३ एमबीपीएस. ७० × २.५ म्हणजे १७५, म्हणून २०० पासून सुरुवात करा. एवढ्यात प्रत्येक घराला ५० चा वेग दाखवता येतो, कारण सगळी घरं एकाच सेकंदाला पूर्ण नळ सोडत नाहीत. करारात मात्र टप्प्याटप्प्याने ५०० पर्यंत वाढवायची सोय आणि तिचा दर आत्ताच लिहून घ्या.

आणखी तीन गोष्टी विचारा. लाईन कोणत्या रूपात हातात देणार (सिंगल मोड एसएफपी, म्हणजे फायबर थेट यंत्रात घ्यायचं छोटं मोड्यूल, असेल तर उत्तम), सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट दिसणारे पत्ते) किती देणार, आणि बंद पडली तर किती तासांत माणूस येणार.

उपग्रहाचं कोणी सुचवेलच. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो, त्यामुळे पिंग (संदेश जाऊन परत यायचा वेळ) ५०० मिलिसेकंदांच्या वर जातो आणि कॉलवर दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. खालच्या कक्षेतल्यांचा पिंग चांगला असतो, पण वाटून वापरायची अट तिथेही वाचावी लागते. मुख्य लाईन तुटली तर तेवढ्यापुरती म्हणून मात्र ती चांगली.

फ्रेनेलकाका

प्रश्न २ चं उत्तर: नको. ज्यांनी सुचवलं त्यांचा हेतू चांगला असेल, पण एकाच रेडिओने ऐकायचं आणि त्याच चॅनेलवर पुढे बोलायचं म्हटलं की प्रत्येक उडीला वेग साधारण निम्मा होतो. १०० चे ५०, मग २५, आणि चौथ्या छपरावर पोचेपर्यंत फक्त तक्रारी. त्यात मधल्या घराने रात्री बटण बंद केलं की पुढची पाच घरं गेली. जर्मनीतल्या फ्रायफुंकसारख्या लोकांनी चालवलेल्या प्रकल्पांनी शहरांत मेश चालवून दाखवलंय, तिथे घरं दाट आणि बाहेर पडायच्या वाटा अनेक. तुमच्याकडे वाट एकच आहे.

टेकडीवर दोन स्वतंत्र रेडिओ लावा, एक मोठ्या गावाकडे तोंड करून, दुसरा 'अ' कडे. ५ गिगाहर्ट्झ पट्टा, २५ डीबीआयच्या डिश (डीबीआय म्हणजे झोत एकवटून मिळणाऱ्या वाढीचं माप). चॅनेल वेगळे, दोघांत उभं अंतर निदान दीड-दोन मीटर, पाठीला पाठ. नाहीतर एक बोलतो तेव्हा दुसरा बहिरा होतो.

आता 'स्वच्छ दिसतं' या शब्दाबद्दल. डोळ्याला दिसणं पुरत नाही. लहरींना दोन टोकांमध्ये सिगारच्या आकाराची मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. मध्यबिंदूवरची त्रिज्या मीटरमध्ये = ८.६६ × √(किलोमीटर ÷ गिगाहर्ट्झ). ३.५ किलोमीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झला ती ६.७ मीटर येते. त्यातली ६० टक्के, म्हणजे ४ मीटर, पूर्ण मोकळी हवी. पृथ्वीचा फुगवटा एवढ्या अंतरावर २० सेंटीमीटरही भरत नाही, तो सोडून द्या. झाडं मात्र सोडू नका. पाहणी पानगळीत केली तर पावसाळ्यात लिंक बंद पडते, कारण ओलं पान लहरी गिळतं. वाटेतल्या झाडाच्या शेंड्यावर आणखी ५ वर्षांची वाढ धरा.

सिग्नल किती यायला हवा ते टेकडी चढण्याआधी कागदावर काढा, ही पायरी लोक गाळतात. मार्गातली घट = ९२.४५ + २० लॉग(किलोमीटर) + २० लॉग(गिगाहर्ट्झ), म्हणजे इथे ११८.६ डीबी. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. समजा नियमाने अँटेनासकट एकूण ३६ डीबीएम परवानगी आहे (देश आणि पट्टा यानुसार बदलते, बघून घ्या). ३६ + समोरच्या डिशचे २५ − ११८.६ = −५७.६. बारीकसारीक घट धरून −६० डीबीएम. हा आकडा खांबावर चढणाऱ्याच्या हातावर लिहून द्या. २.५ किलोमीटरच्या बाजूला −५५ ते −५७ यायला हवा.

−६० ला ४० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर प्रत्यक्षात जाऊन-येऊन मिळून १५०–१८० एमबीपीएस धरा. खोक्यावर ३०० लिहिलेलं असतं, तो हवेतला वेग. तुम्हाला २०० हवेत, म्हणजे ८० मेगाहर्ट्झ लागेल. नॉईज ३ डीबीने वर येतो, पण गावाकडची हवा मोकळी असते, ३०० च्या पुढे जाईल. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलांवर रडार दिसलं की रेडिओने जागा सोडायची असते आणि नव्या चॅनेलवर आधी किमान मिनिटभर ऐकत बसायचं असतं. 'रोज मधेच एक मिनिट नेट जातं' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

६० गिगाहर्ट्झचे गिगाबिटवाले रेडिओ बघून मोहात पडू नका. त्या पट्ट्यात हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरला १५ डीबीच्या आसपास खातो, पाऊस वेगळा. वस्तीतल्या वस्तीत ५००–७०० मीटरला ठीक, टेकडीला नाही.

स्प्लाईस_मास्तर

काकांचं टेकडीचं गणित पटलं. पण 'अ' वस्तीत उतरल्यावर पुन्हा प्रत्येक घराला डिश लावत बसू नका. तिथून पुढे फायबर टाका. माणसं खणायला तयार आहेत म्हणताय, तर त्यांचे हात ६ किलोमीटरच्या खडकात न घालवता या अडीच किलोमीटरात लावा. उद्या मोठ्या गावातून फायबर आलंच तर टेकडीचे रेडिओ काढून तिथे टोचायचं, घरापर्यंतचं काम जसंच्या तसं राहतं.

पद्धत जीपॉन, म्हणजे एका धाग्यातला प्रकाश अनेक घरांत वाटणं. 'अ' मध्ये एक ४ पोर्टचा ओएलटी (वस्तीतलं मुख्य यंत्र), मधे प्रकाश वाटणारे नुसते काचेचे स्प्लिटर, घरात ओएनटी (फायबर जिथे संपतं ती पेटी). वाटेत कुठेही वीज लागत नाही, गावासाठी याहून मोठा गुण नाही. एका पोर्टवर खाली येताना २.५ गिगाबिट, वर जाताना १.२५, तुमच्या २०० एमबीपीएससाठी चिक्कार. दोन पोर्ट 'अ' ला, एक 'ब' ला, एक 'क' ला. कोर (केबलमधला एकेक धागा) वाचवायला 'ब' आणि 'क' एकाच धाग्यावर टाकू नका. १२ कोरच्या केबलमधले कोर स्वस्त असतात, महाग असतो तो चर.

प्रकाशाचा जमाखर्च 'अ' वस्तीचा घ्या. १:४ चा स्प्लिटर ७.३ डीबी, त्यापुढे १:८ चा १०.५, एक किलोमीटर केबल ०.३५, सहा जोड प्रत्येकी ०.१ ने ०.६, चार कनेक्टर प्रत्येकी ०.५ ने २. बेरीज २०.८. ओएलटी +३ डीबीएम सोडत असेल तर घरात −१८ च्या आसपास यायला हवा. बी-प्लस वर्गाला एकूण २८ डीबीची मुभा असते, म्हणजे ७ डीबी गाठीशी राहतात. घरात −१५ ते −२४ मधे आला तर हात लावू नका. −२७ च्या खाली गेला की लाल दिवा. उलटंही होतं: −८ पेक्षा जास्त प्रकाश ओएनटीला झेपत नाही. टेबलावर चाचणी करताना ओएलटी आणि ओएनटी थेट पॅचकॉर्डने जोडाल तर मधे १५ डीबीचा ॲटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) घाला.

जोडकामात चुका ठरलेल्या. हिरवा कनेक्टर (एपीसी) आणि निळा (यूपीसी) एकमेकांत घुसतात, पण हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं असतं, मधे फट राहते. काही डीबी गेले म्हणून समजा आणि परावर्तन वेगळंच. संपूर्ण गावात एकच रंग ठेवा, हिरवा. दुसरी चूक धूळ. टोपण काढलं की प्रत्येक वेळी पुसायचं, 'आत्ताच काढलंय' हे कारण चालत नाही. धाग्यातला प्रकाश वाहणारा गाभा ९ मायक्रॉनचा, बोटाच्या तेलाचा ठिपका त्याहून मोठा. तिसरी, भिंतीच्या कोपऱ्यावर काटकोनात वाकवलेली ड्रॉप केबल (घरात शिरणारी शेवटची केबल). ओळखायची खूण अशी की १३१० नॅनोमीटरवर घट ठीक दिसते आणि १५५० वर एकदम वाढते. वाकण लांब तरंगलांबीला जास्त नडतं. ड्रॉपला जी.६५७ जातीचा धागा घेतलात तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

फ्यूजन स्प्लायसर (धागे वितळवून जोडणारं यंत्र) विकत घेऊ नका. सगळे जोड साठवून ठेवा आणि तीन दिवसांसाठी माणूस आणि यंत्र भाड्याने आणा. घराकडच्या टोकांना कारखान्यातून कनेक्टर बसवून आलेली ड्रॉप केबल घेतली तर निम्मे जोड वाचतात.

खोदकाम_प्रमुख

चराबद्दल कुणी लिहित नाही म्हणून मी लिहितो.

केबल थेट मातीत पुरू नका. ४० मिलीमीटरचा एचडीपीई पाईप टाका, मग केबल खराब झाली तर ओढून बदलता येते. शेतात खोली निदान ९० सेंटीमीटर, नांगर आणि रोटाव्हेटर विसरू नका. तळाला दगड असेल तर १० सेंटीमीटर चाळलेली माती किंवा वाळू, त्यावर पाईप, त्यावर पुन्हा मऊ माती. पाईपाच्या वर ३० सेंटीमीटरवर धोक्याची पिवळी पट्टी. सोबत एक तांब्याची बारीक वायर टाका, कारण प्लास्टिकचा पाईप कुठल्याही शोधयंत्राला सापडत नाही. दहा वर्षांनी ज्याला ती लाईन शोधायची असेल तो तुम्हाला दुवा देईल.

दर २००–२५० मीटरला आणि प्रत्येक मोठ्या वळणावर चेंबर, त्यात १० मीटर केबल गुंडाळून शिल्लक. जोड बसवायला केबलचं टोक जमिनीवर बाहेर काढता आलं पाहिजे, तेवढी लांबी. पाईपाची तोंडं त्याच दिवशी रबरी बुचांनी बंद करा. एक रात्र उघडं राहिलं तरी चिखल भरतो, उंदीर घर करतात, मग दोरी पुढे सरकत नाही. केबल ओढताना ट्रॅक्टर लावायचा नाही. हाताने, वंगण लावून, सावकाश. ताण जास्त झाला तर वरचं आवरण शाबूत दिसतं आणि आत धागा ताणलेला राहतो, तो दोन वर्षांनी तुटतो.

चर बुजवण्याआधी प्रत्येक ५० मीटरला टेप ठेवून फोटो काढा: बांधापासून किती, विहिरीपासून किती, खोली किती. फोटोत मापाचा आकडा वाचता आला पाहिजे. मोबाईलचं जीपीएस ५ मीटर इकडेतिकडे होतं, टेप होत नाही.

खांबांवरून नेलं तर काम आठवड्यात होतं हे खरं. एडीएसएस केबल (धातू नसलेली, स्वतःचं वजन पेलणारी), दोन खांबांत ५०–६० मीटर, झोळ सुमारे १ टक्का. पण विजेचे खांब असतील तर परवानगी आणि तारांपासूनचं सुरक्षित अंतर, दोन्ही लागतात. रस्ता ओलांडताना उसाची किंवा कडब्याची गाडी खालून जाईल एवढी उंची ठेवा. माझं मत: 'ब' कडे जमिनीतून, 'क' कडे खडक लागला तर तेवढ्या टप्प्यापुरतं खांबांवरून.

शेवटचा_खांब

एवढं तपशीलवार कुणी सांगितलं नव्हतं. टेकडीवरच्या विजेबद्दल कुणी? इन्व्हर्टर आणि दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या गावात पडून आहेत, त्या चालतील का?

डीसी_बरा

इन्व्हर्टर टेकडीवर नेऊच नका. नुसता चालू राहायला तो १०–२० वॉट खातो आणि तुमचा एकूण भारच ३० वॉट आहे. बॅटरीचं डीसी, त्याचं एसी, मग ॲडॉप्टरमध्ये पुन्हा डीसी. हा द्राविडी प्राणायाम कशाला? सगळं थेट २४ व्होल्ट डीसीवर चालवा.

दोन रेडिओ प्रत्येकी ९ वॉट, स्विच ६, देखरेखीचं छोटं यंत्र आणि वायरमधली घट मिळून आणखी ६. ३० वॉट × २४ तास = दिवसाला ७२० वॉट-तास. तीन दिवस ढगाळ धरले तर २१६०. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत वापरायची म्हटलं तर २७०० लागतात, म्हणून २५.६ व्होल्ट १२० अँपिअर-तासाची घ्या, ३०७२ होतात. शिसं-आम्लाची बॅटरी निम्मीच वापरायची असते, तिथे २४ व्होल्ट १८० अँपिअर-तास लागेल. तुमच्या ट्यूब्युलर १२ व्होल्ट १५० च्या असतील तर दोन मालिकेत जोडून अडीच दिवस निघतील, पण किती जुन्या आहेत आणि पाणी भरायला दर दोन महिन्यांनी वर कोण जाणार, ते आधी ठरवा. वजन तर आहेच.

पॅनेलचा हिशोब वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यावर. त्या महिन्यात पूर्ण ऊन ३.५ तास मिळतं आणि ३० टक्के वाटेत जातात असं धरलं तर ७२० ÷ (३.५ × ०.७) = २९४ वॉट. एवढ्याने रोजचं रोज भागतं, पण तीन ढगाळ दिवसांनी रिकामी झालेली बॅटरी भरायला काही उरत नाही. म्हणून दीडपट, ४५० वॉट.

घोळ होतो तो व्होल्टेजचा. २४ व्होल्टची लिथियम बॅटरी भरताना २८ च्या वर जाते, काही रेडिओ तेवढं सोसत नाहीत. मधे २४ व्होल्ट स्थिर देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर घाला. आणि पीओई (नेटच्या तारेतूनच वीज देणं) दोन प्रकारचा असतो. साधा पॅसिव्ह २४ व्होल्ट काही न विचारता तारेत वीज सोडतो. ८०२.३एएफवाला आधी समोरच्याची ओळख पटवतो आणि मग ४८ सोडतो. पॅसिव्ह ४८ चा इंजेक्टर २४ च्या रेडिओला लावला की वास येतो आणि संपलं. प्रत्येक इंजेक्टरवर आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा.

केबल शुद्ध तांब्याची, बाहेरच्या वापराची, शील्ड असलेली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, तिच्यात व्होल्टेज पडतं आणि रेडिओ जास्त बोलायला लागला की रीस्टार्ट होतो. दिवसभर ठीक, संध्याकाळी गर्दीत बंद, असं लक्षण दिसलं तर आधी केबल सोलून चाकूने खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर निदान झालं.

वीज पडण्याचं: अँटेनापेक्षा उंच स्वतंत्र सळई, तिची जाड पट्टी सरळ जमिनीत, आणि मनोरा, पॅनेलची चौकट, पेटी, सर्ज प्रोटेक्टर या सगळ्यांचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं. दोन वेगळे खड्डे आणि मधे जोड नाही, ही सगळ्यात वाईट मांडणी. वीज जवळ पडली की दोन खड्ड्यांत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या इथरनेटच्या तारेतून वाट काढतो. थेट पडली तर काही वाचत नाही, म्हणून एक रेडिओ आणि एक स्विच गावात कपाटात तयार सेटिंग करून ठेवा.

पेटीत केबल खालून घ्या आणि आत शिरण्याआधी एक झोळ खाली सोडा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

शेवटचं, आपोआप रीस्टार्टचं. रेडिओला 'पिंग गेला तर रीस्टार्ट हो' असं सांगता येतं. पिंगचा पत्ता इंटरनेटवरचा देऊ नका. मोठ्या गावात लाईन गेली की टेकडीवरचे दोन्ही रेडिओ दर पाच मिनिटांनी रीस्टार्ट होत बसतील. पत्ता समोरच्या रेडिओचा द्या.

बारा_कोर

टेकडी आणि चर झाले, आता राऊटर. त्यातल्या दोन गोष्टींवर गावोगावी वेळ जातो.

पहिली: कुणीतरी घरचा राऊटर उलटा लावतो, बाहेरून आलेली तार वॅन (बाहेरच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या) पोर्टमध्ये. त्याचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) मग सगळ्या वस्तीला चुकीचे पत्ते वाटायला लागतो आणि अर्ध्या गावाचं नेट 'आहे पण चालत नाही'. ओएलटीवर घरं एकमेकांपासून अलग करा (पोर्ट आयसोलेशन) आणि ग्राहकाकडून येणारी डीएचसीपीची उत्तरं अडवा. तपासायला १५ मिनिटं लागतात, पहिल्याच दिवशी करा.

दुसरी: पीपीपीओई (प्रत्येक घराला नाव-पासवर्डने जोडायची पद्धत) वापरलंत तर पाकिटाची कमाल लांबी १५०० वरून १४९२ होते. काही साईट उघडतात, काही फिरत राहतात. मुख्य राऊटरवर टीसीपीचा एमएसएस (पाकिटातल्या मजकुराची कमाल लांबी) १४५२ ला बांधून टाका.

गर्दीच्या वेळचं भांडण मिटवायला मुख्य राऊटरवर केक किंवा एफक्यू-कोडेल (रांगेला शिस्त लावणाऱ्या पद्धती) लावा आणि मर्यादा २०० ऐवजी १९० ठेवा. ५ टक्के सोडले की रांग तुमच्या राऊटरमध्ये लागते, पुरवठादाराच्या यंत्रात नाही, आणि तुमची रांग तुम्हाला शिस्तीत लावता येते. केकला प्रत्येक घराला समान वाटा द्यायला सांगता येतं. एकाने मोठी फाईल उतरवली तरी शेजारच्याचा कॉल तुटत नाही. सार्वजनिक आयपी कमी असतील तर घरांना १००.६४.०.०/१० मधले पत्ते द्या, तो पट्टा याचसाठी राखलेला आहे. पुरवठादार आयपीव्ही६ देत असेल तर न विसरता घ्या.

वहीखातं

पाचवा प्रश्न राहिला. तो शेवटी टाकला जातो आणि नेटवर्क बहुधा त्याच्यामुळेच बंद पडतं.

वर्गणी = (बँडविड्थ + वीज + देखभाल करणाऱ्याचं मानधन + सामानाच्या किमतीचा ६० वा भाग) ÷ पैसे भरणारी घरं. ६० वा भाग यासाठी की रेडिओ आणि ओएनटी पाच वर्षांत बदलायचे असं धरून चालायचं. भरणारी घरं ७० धरू नका, ५५ धरा. पाईप आणि केबल या हिशोबात नको, त्या २५ वर्षं राहतात. त्यांचा खर्च सुरुवातीच्या भागभांडवलातून.

बाहेरची दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या ग्रामीण भागात २०११ मध्ये सुरू झालेलं बी४आरएन: गावकऱ्यांनी भाग घेतले, शेतकऱ्यांनी जमिनीतून फुकट वाट दिली, लोकांनी स्वतः चर खणले आणि घरोघर गिगाबिट नेलं. दुसरं कॅटालोनियातलं गिफी.नेट, २००४ पासूनचं. सुरुवात वायरलेसने, पुढे फायबर. तिथला नियम असा की नेटवर्क सगळ्यांचं सामाईक, त्यावर धंदा करणारे अनेक, आणि प्रत्येकाने वापराच्या प्रमाणात देखभालीचा वाटा उचलायचा. दोन्हीकडे मालकी संस्थेची आहे, एखाद्या उत्साही माणसाची नाही, हे मुद्दाम बघा.

जमिनीची परवानगी तोंडी घेऊ नका. एक पान पुरतं: कुठून कुठे, किती रुंद, दुरुस्तीला येण्याचा हक्क, पिकाचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, आणि जमीन विकली किंवा वाटणी झाली तरी हक्क कायम. सही सगळ्या सहहिस्सेदारांची. एक भाऊ हो म्हणाला आणि दुसरा परगावी होता, असं झालं की तिथेच केबल अडते.

पासवर्ड किमान दोघांकडे, शिवाय एक बंद पाकीट संस्थेच्या कपाटात. तक्रार घेणाऱ्याला एक कागद द्या: आधी ओएनटीचा दिवा विचारायचा. लाल असेल तर केबल किंवा कनेक्टर, म्हणजे माणूस पाठवा. हिरवा असेल तर घरचा वायफाय, म्हणजे फोनवरच. लोखंडी कपाटामागे ठेवलेला राऊटर हे अर्ध्याअधिक तक्रारींचं मूळ असतं.

शेवटचा_खांब

बँडविड्थचा लेखी होकार आला, पुढे वितरणाच्या परवानगीसकट. उसने रेडिओ घेऊन ३.५ किलोमीटरची चाचणी केली. काकांच्या हिशोबाने −६० यायला हवा, येतोय −७४. मधे काही आड नाही. डिशचं तोंड थोडं खाली करायला हवं का?

फ्रेनेलकाका

१८० मीटर उंची आणि ३५०० मीटर अंतर म्हणजे ३ अंशांचा उतार. २५ डीबीआयच्या डिशचा झोत साधारण ९ अंशांचा, त्यामुळे एका टोकाला ३ अंश चुकले तर दीड डीबीपेक्षा कमी जातात. तुमचे १४ गेलेत. एवढी तूट दिसली की बहुतेक वेळा डिश बाजूच्या झोतावर अडकलेली असते. मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना छोटे झोत असतात, त्यातल्या एकावर 'सिग्नल आला' म्हणून नट आवळला जातो.

एक टोक घट्ट ठेवा. दुसरं सैल करून डावीकडून उजवीकडे ३० अंशांपर्यंत, दोन-दोन अंशांनी फिरवा. प्रत्येक थांब्याला १० सेकंद थांबून आकडा लिहा, रेडिओचा आकडा उशिरा बदलतो. तीन शिखरं दिसतील, दोन बुटकी आणि मधलं उंच. मधलं धरा, मग खाली-वर. आता हे टोक आवळून पहिल्या टोकाला तेच. नट आवळताना आकड्यावर नजर ठेवा, शेवटच्या पिळाला डिश एक-दोन अंश सरकतेच.

एवढं करूनही −६४ च्या खालीच राहिला तर दोन्ही चेनचे (रेडिओच्या उभ्या आणि आडव्या लहरींच्या दोन वाटा) आकडे वेगवेगळे बघा. उभी −६० आणि आडवी −७२ असं काही असेल तर दिशा बरोबर आहे. रेडिओ आणि डिश यांच्यातल्या दोन छोट्या केबलींपैकी एकीत पाणी शिरलंय किंवा तिचा कनेक्टर अर्धवट बसलाय. केबली आपसात बदलून बघा. कमी आकडा दुसऱ्या चेनवर गेला तर केबल टाकून द्या, तिथेच राहिला तर डिशचा फीड किंवा रेडिओचं तोंड तपासा. उसने आहेत म्हणताय, म्हणजे आधी कुठेतरी पावसात राहिलेले असणार.